फरशीखालचा हिशेब : गावभाग, सांगली (कामाच्या नोंदी)

घरखर्चाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी या नोंदी लिहीत गेले. पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे तारीख आणि आकडा लिहायची सवय आहे. सुरुवातीला फक्त पैसे आणि सामान लिहायचं ठरवलं होतं. पुढे बाकीचंही त्यात आलं. इथे उतरवताना वाक्यं थोडी नीट केली आहेत, आकडे वहीतलेच आहेत.

१२ फेब्रुवारी २०२४

फरशी बदलायच्या कामाचा ठेकेदाराशी करार झाला. घर मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी बांधलेलं, खाली शहाबादी फरशी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या सोप्यात (पुढच्या खोलीत) कमरेइतकं पाणी होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं, गुडघाभर. तेव्हापासून फरशी जागोजाग खचली आहे. माजघरात परात ठेवली तर डुलते. आत्या (सासूबाई) ७८ वर्षांच्या आहेत, काठी टेकत चालतात. त्यांच्यासाठीच हे काम काढलंय.

ठेकेदाराच्या लेटरहेडवर ठळक अक्षरांत ‘नोंदणीकृत शासकीय ठेकेदार’ असं छापलेलं आहे, खाली नोंदणी क्रमांक. ह्यांना ते बघून धीर आला. मलाही आला, खोटं कशाला सांगू. तरी मी कामाचा तपशील त्याच कागदावर लिहून घेतला: जुनी फरशी काढणे, एक फूट माती उकरून बाहेर टाकणे, ७ इंच मुरूम दोन थरांत, पाणी मारून, धुम्मस करून (चोपून घट्ट बसवून), त्यावर ३ इंच कोबा (काँक्रीटचा थर), सिमेंट-वाळू-खडी १:२:४ प्रमाणात, त्यावर दीड इंच सिमेंट-वाळूच्या मालात दोन बाय दोन फुटांची व्हिट्रिफाइड फरशी, कडेने स्कर्टिंग. एकूण ५६० चौरस फूट. मजुरी आणि माल मिळून १,६०,००० रुपये, फरशी आमची. शेवटचे २०,००० एक पावसाळा गेल्यावर द्यायचे. या अटीवर तो थोडा घुटमळला, पण सही केली. ५०,००० ॲडव्हान्स, चेकने.

१४ फेब्रुवारी

फरशी आली. ४० बॉक्स, बॉक्समध्ये ४ नग. बॉक्स ८२० रुपये, एकूण ३२,८००. सगळं सामान शेजारच्या काकांच्या माडीवर हलवलं.

१९ फेब्रुवारी

शहाबाद उचलली. खाली काळी माती, आणि पुरानंतर अडीच वर्षांनीही ओलसर. ढेकूळ दाबलं की बोटाला चिकटतं. मिस्त्री विजापूरकडचे आहेत, बोलणं कमी, हात नेटका. म्हणाले, “ताई, ही माती आत राहिली तर वर काय बी घाला, हलणारच.” काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते, हे आमच्या मळ्यात आम्ही दरवर्षी बघतो. ती काढायची म्हणूनच तर एक फुटाची अट घातली होती.

२२ फेब्रुवारी

मुरूम आला. एक टिपर, ३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). मी ऑफिसात होते. सहा वाजता घरी आले तर भराव घालून सपाट करून झाला होता. आत्यांना विचारलं, धुम्मस केली का? म्हणाल्या, “चोपल्याचा आवाज काय आला न्हाई गं. आणि दारातला मातीचा ढीग कुठं गेला?” सकाळी खिडकीच्या वर जाईल एवढा ढीग होता, आता निम्मा राहिलाय. ठेकेदाराला फोन केला. “ट्रॉलीनं नेली वहिनी, उरलेली उद्या नेतो.” गल्लीत चौघांना विचारलं, ट्रॉली कुणी पाहिली नाही. तसंच लिहून ठेवते.

२५ फेब्रुवारी

कोबा झाला. सिमेंट १४ पोती आली, १४ संपली. दुसरा हप्ता ५०,०००.

२६ फेब्रुवारी

आजच फरशी लावायला सुरुवात! कोब्याला निदान सात दिवस पाणी मारायला पाहिजे, असं मी म्हटलं. ठेकेदार म्हणाला, “आता एवढं कुणी थांबत नाही वहिनी. वरून माल पडला की त्यालाही पाणी मिळतंच.” काकांकडे आम्ही किती दिवस राहणार, हा विचार मनात होता, त्यामुळे मी गप्प बसले. हे मला खटकतंय म्हणून लिहिते.

२९ फेब्रुवारी

सिमेंट नाही म्हणून मिस्त्री अकरापासून तीनपर्यंत बसून होते. तीनला ४ पोती आली. त्याआधी ६ आली होती.

५ मार्च

काम संपलं. दिसायला फार सुंदर दिसतंय, सोपा एकदम उजळला. ४०,००० दिले. एकूण दिलेले १,४०,०००, राहिलेले २०,०००. रिकामी सिमेंटची पोती आत्यांनी झटकून, घड्या घालून, सुतळीने बांधून ठेवली, पावसाळ्यात जळण झाकायला म्हणून. मोजली: २४.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. पूजेनंतर आत्या सोप्यातून देवघराकडे निघाल्या आणि मध्येच थांबल्या. काठी एकदा इथं टेकवली, एकदा तिथं. “हितं बघ,” म्हणाल्या. दाराजवळ काठीचा आवाज टणक येतो. सोप्याच्या मध्यभागी मात्र मडक्यावर टेकवावी तसा. आत्यांची नजर अधू आहे, पण कान शाबूत आहेत. सणाचा दिवस म्हणून कुणी पुढे काही बोललं नाही.

१४ एप्रिल

सुट्टी. सकाळपासून दहा रुपयांचं नाणं घेऊन बसले. प्रत्येक फरशी चारही कोपऱ्यांत आणि मध्ये, अशी पाच ठिकाणी वाजवायची. भरीव असेल तर आवाज बारीक आणि तिथल्या तिथे मरतो. पोकळ असेल तर घुमतो. पोकळ निघाली की खडूने फुली. लेकीच्या वहीतला आलेख कागद घेऊन खोल्यांचा नकाशा काढला, एक चौकोन म्हणजे एक फरशी. अख्ख्या फरश्या १२२. पूर्ण पोकळ ४७. कोपऱ्यात पोकळ २१. सोप्याच्या मध्यावर सलग ११ फरश्या अशा, की एक वाजवली तर शेजारची थरथरते.

मग काकांकडून सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आणली. माजघराच्या दारात दोन फरश्यांमध्ये उंचीचा फरक आहे. पट्टीखाली एटीएम कार्ड सरकवून बघितलं, एकावर एक चार कार्डं गेली. कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं, म्हणजे ३ मिलिमीटर. ऐकायला काहीच वाटत नाही. पण पाय घासत चालणाऱ्या माणसाच्या अंगठ्याला तेवढी धार पुरते.

फोटो काढले, प्रत्येक फोटोत त्या दिवशीचा ‘पुढारी’ ठेवून.

१७ एप्रिल

ठेकेदार येऊन गेला. उभ्याउभ्याच. “थोडी वाजतेच ओ वहिनी. नवी फरशी आहे, बसायला वेळ लागतो. भोक पाडून सिमेंटचं पाणी सोडतो, काय होत नाही.” मी नकाशा पुढे धरला. त्याने हातात घेतला नाही.

मे

चार फोन, तीन मेसेज. उत्तरं: लग्नसराई आहे, मजूर गावाला गेलेत, पुढच्या सोमवारी. मेसेजचे फोटो काढून ठेवले.

१४ जून

चार दिवस पाऊस लागून आहे. पहाटे सोप्यात फट्‌ असा आवाज झाला. उठून बघितलं तर मधली ओळ तंबूसारखी वर उचललेली, दोन फरश्यांच्या कडा एकमेकींना टेकून उभ्या. सांध्यांना जागाच सोडलेली नाही, फरशीला फरशी चिकटवून लावली आहे. खालून जोर आला की तिने जायचं कुठे?

दुपारी आत्या माजघराच्या दारात अडखळल्या. मी पाठीमागेच होते म्हणून सावरलं. गुडघा सुजलाय. रात्री त्यांच्या गुडघ्याला हळद-चुना लावताना मला रडू आलं. हे काम त्यांच्यासाठी काढलं होतं.

२२ जून

ठेकेदाराला आधी मेसेज करून दिवस आणि वेळ कळवली होती: आज ११ वाजता इंजिनिअरच्या समोर दोन फरश्या उचलणार, आपण हजर राहावं. तो आला नाही. ह्यांच्या ओळखीचे नसलेलेच सिव्हिल इंजिनिअर मुद्दाम बोलावले होते. फी ५,०००, पावतीसह. शेजारचे काका आणि समोरचे किराणावाले असे दोन पंच. मोबाइलवर सलग चित्रण केलं.

पहिली फरशी उचलायला छिन्नी-हातोडा लागलाच नाही. रबरी शोषकाने ती अख्खी वर आली. पाठ कोरी होती, कंपनीचा छाप सुद्धा स्वच्छ वाचता येत होता. खाली मालाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, लाडवासारखे, वरून किंचित दबलेले. मधली जागा मोकळी. तिथं मुंग्यांनी अंडी घातली होती आणि आम्ही उजेड पाडल्यावर त्या ती उचलून पळत होत्या. सिमेंटची स्लरी (पातळ घोळ) कुठेच नाही. इंजिनिअरनी समजावलं: शहाबादी किंवा जुनी सिमेंटची फरशी पाणी शोषते, त्यामुळे मालाला धरून बसते. व्हिट्रिफाइड फरशी अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. ती धरायची तर पूर्ण पाठ भरावी लागते, आणि खरं तर ॲडहेसिव्हच (फरशी चिकटवायचा तयार मसाला) लावावं.

मग कोब्याला भोक पाडलं. टेप लावला: सोप्यात दीड इंच, माजघरात पावणेदोन. करारात तीन. कोब्याखाली चार बोटं मुरूम, तोही हाताने उकरता येईल एवढा सैल. त्याखाली शहाबादचे तुकडे, आणि तुकड्यांच्या फटीतून तीच काळी ओली माती. ढीग कुठे गेला ते आत्यांना त्या दिवशीच कळलं होतं.

इंजिनिअरनी विचारलं, किती सिमेंट वापरलं काही कल्पना? मी वही दिली, आणि आत्यांनी पोत्यांचा गठ्ठा आणून पुढ्यात ठेवला. त्यांनी तिथेच हिशेब केला. ५६० चौरस फुटांवर ३ इंच कोबा म्हणजे १४० घनफूट, १:२:४ प्रमाणाला सुमारे २५ पोती. दीड इंच मालाला १०–११, स्लरीला ३–४. सगळं मिळून ३८–४०. आलेली २४. मुरूमही लूज सव्वाचार ब्रासच्या आसपास लागला असता, आला ३.

मिस्त्रींना फोन केला, खरं काय ते सांगाल का? खूप वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, मला जेवढं सिमेंट दिलं त्यात मी फरशी उभी केली. पण सही-बिही मागू नका, पुढं काम मिळायचं नाही.” मी परत विचारलं नाही. त्यांच्यावर माझा राग नाही.

२९ जून

रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह नोटीस पाठवली. वकील लावला नाही, स्वतः लिहिली. १५ दिवसांत काम नव्याने करून द्या किंवा खर्च द्या. सोबत अहवालाची प्रत.

८ जुलै

त्याचा फोन. “मी नोंदणीकृत माणूस आहे वहिनी, कुठं जायचं तिथं जा.” म्हणून दुपारी रजा टाकून ती नोंदणी करणाऱ्या कार्यालयात गेले. तिथल्या लेखनिकांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं: ही नोंदणी सरकारी कामाच्या निविदा भरण्यासाठी असते, ठरावीक रकमेपर्यंतची. खासगी घराच्या कामाची हमी त्यात नसते. तुमचा मार्ग ग्राहक आयोगाचा. लेटरहेडवरच्या त्या एका ओळीवर आम्ही विसंबलो होतो, आणि ती ओळ आमच्यासाठी नव्हतीच.

१६ जुलै

मुदत संपली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांच्याकडून ठेकेदाराला कळवलं गेलं, उत्तर आलं नाही.

२८ जुलै

कृष्णेचं पाणी चढतंय. कोयनेच्या विसर्गाच्या बातम्या दर तासाला ऐकतोय. सामान पुन्हा काकांच्या माडीवर. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही.

१२ ऑगस्ट

ई-दाखिल या तेव्हाच्या ऑनलाइन पोर्टलवर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल केली. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, समोरचा कुठलाही असो. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. मी जोडलेली कागदपत्रं: करार, बँकेच्या नोंदी, फरशीचं बिल, फोटो, नाण्याचा नकाशा, मेसेज, नोटीस आणि पोचपावती, इंजिनिअरचा अहवाल त्यांच्या प्रतिज्ञापत्रासह, वहीची पानं, आणि पोत्यांचा फोटो. मागणी: नव्याने करण्याचा खर्च १,९५,०००, शिवाय त्रासाची भरपाई.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

गणपती सोप्यात न बसवता देवघराच्या ओट्यावर बसवला. सोप्यात उचललेल्या ओळीवर फळी टाकली आहे.

२१ ऑक्टोबर

ठेकेदाराचं लेखी म्हणणं मिळालं. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवस, फार तर आणखी १५, एवढीच मुदत असते. त्याने ती शेवटपर्यंत वापरली. तीन मुद्दे. एक, पूरभागातली काळी माती, त्याला मी काय करणार. दोन, फरशी मालकाने आणलेली, हलकी. तीन, मालकालाच घाई होती म्हणून कोब्याला पाणी मारता आलं नाही.

तिसरा मुद्दा वाचून मला फार लागलं, कारण माझं गप्प बसणं त्याने माझ्याविरुद्ध वापरलं. रात्री बसून उत्तर लिहिलं. माती काढण्याचेच पैसे त्याने घेतले होते, करारातली दुसरी ओळ वाचावी. फरशी हलकी असती तर ती तुटली असती. उचलली ती अख्खी निघाली. आणि पाणी मारायचं मी सांगितलं होतं, त्याने काय उत्तर दिलं ते २६ फेब्रुवारीच्या नोंदीत आहे. शिवाय पाणी न मारल्याने कोबा कच्चा राहतो, तीन इंचाचा दीड इंच होत नाही.

१८ डिसेंबर

आयोगाने मध्यस्थीबद्दल विचारलं होतं, दोघांनी होकार दिला होता. आज दुसरी बैठक. ठेकेदार पहिल्यांदाच माझ्यासमोर खुर्चीवर बसला. सुरुवातीला तो ४०,००० वर अडून होता. मध्यस्थांनी त्याला एकच प्रश्न विचारला, २४ पोत्यांत हे काम कसं बसवलं ते सांगा. तो सिमेंट दुसऱ्या कामावरूनही आलं होतं म्हणाला. पावती? नव्हती.

शेवटी १,१०,००० दोन चेकने, आणि राखून ठेवलेल्या २०,००० वर त्याने हक्क सोडला. माझी मागणी यापेक्षा बरीच जास्त होती. ह्यांचं म्हणणं, निकालापर्यंत लढू. पण लढायचं म्हणजे आत्यांनी आणखी वर्ष-दोन वर्षं त्या फळीवरून चालायचं. मी सही केली. घरी येताना हे काही बोलले नाहीत, विश्रामबागेत चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, “बरोबर केलंस.”

६ जानेवारी २०२५

पहिला चेक वटला. मिस्त्रींना फोन केला. या वेळी ठेकेदार मध्ये नाही, रोज १,००० रुपये, सिमेंट-मुरूम आम्ही आणणार. ते आधी संकोचले. मग म्हणाले, “येतो ताई.”

९ ते १३ जानेवारी

फरशी काढली. पोकळ होत्या त्या जवळपास सगळ्या अख्ख्या निघाल्या; चांगल्या बसलेल्या होत्या त्याच फुटल्या. ७९ अख्ख्या हाती आल्या, पहिल्या कामातल्या १२ पडून होत्या, १८ बॉक्स नवे घेतले. काळी माती एक फूट उकरली. ट्रॉलीचे फेरे ५, प्रत्येकाचा फोटो.

१६ जानेवारी

मुरूम साडेचार ब्रास. पहिला थर, पाणी, धुम्मस. दुसरा थर, पाणी, धुम्मस. आत्या दारात खुर्ची टाकून दिवसभर बसल्या होत्या. प्रत्येक ठोक्याला घरातली भांडी वाजत होती.

१९ जानेवारी

कोबा. ओतायच्या आधी भिंतीवर दोरा मारून ३ इंचांची खूण केली. पोती २५.

२० ते २८ जानेवारी

सकाळ-संध्याकाळ कोब्याला पाणी. गोणपाट अंथरून ओलं ठेवलं. रात्रीचं पाणी आत्या आठवण करून देतात.

७ फेब्रुवारी

लेव्हलचा थर करून वाळल्यावर फरशी ॲडहेसिव्हवर लावली, पाकिटावर आयएस १५४७७ हे भारतीय मानक बघून घेतलेलं. दातेरी थापीने पूर्ण पाठ भरून. सांध्यात २ मिलिमीटरचे स्पेसर. मिस्त्रींनी स्वतःहूनच तिसरी फरशी लावल्या लावल्या परत उचलून दाखवली. पाठीवर कोरी जागा नखाएवढीसुद्धा नव्हती.

१५ फेब्रुवारी

नाणं घेऊन पुन्हा बसले. मोरीकडच्या कडेला दोन फरश्यांचे कोपरे किंचित वाजतात, मिस्त्री उद्या बदलून देणार आहेत. माजघराच्या दारात पट्टीखाली एकही कार्ड जात नाही. एकूण खर्च १,८७,४००. दुसऱ्या चेकची तारीख १ मार्च. स्कर्टिंग स्वयंपाकघरात बाकी.

सिमेंट ३६ पोती, ॲडहेसिव्ह १२. रिकामी पोती आत्यांनी बांधली आहेत, जुन्या २४ च्या शेजारी, वेगळ्या गठ्ठ्यात.